लाल चांदणीचा रकाना

वेबपेजवर फाइल चढवायची सोय करून देणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. तुम्ही एखाद्या साइटवर नाव-पत्ता भरता, आधार कार्डाचा फोटो निवडता, 'सबमिट' दाबता आणि एक छोटा गोल फिरायला लागतो. त्या गोलामागे माझ्यासारखं कुणीतरी बसलेलं असतं. गोल नीट थांबला तर आमची आठवणही कुणाला येत नाही, आणि अडकला तर आमच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. चांगलं झालेलं काम दिसत नाही, हे मला फार लवकर कळलं. मला दिसायची फारशी हौसही नव्हती.

ऑफिस पवईला आहे, पण हल्ली पंधरवड्यातून एकदा तोंड दाखवलं की पुरतं. बाकी सगळं मुलुंडच्या घरून. घर आईबाबांचं. बाबा मी कॉलेजात असतानाच गेले, भावंड नाही, लग्न केलं नाही. आई गेल्यावर मला पहिल्यांदाच प्रश्न पडला की दोन खोल्या नि स्वयंपाकघर एवढी जागा एका माणसाला लागते तरी कशाला. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जातो. वाणसामान फोनवरून मागवलं की आणणारा बेल वाजवतो आणि मी दार उघडेपर्यंत जिना उतरायला लागलेला असतो. शुक्रवारी ऑफिसचा शेवटचा कॉल संपला की सोमवार उजाडेपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघत नाही, आणि सोमवारी पहिलं 'गुड मॉर्निंग' म्हणताना घसा खाकरावा लागतो. 'एकटं वाटतं का गं?' असं पूर्वी कुणी विचारलं तर मी 'छे' म्हणून उडवून लावायचे. आता कुणी विचारत नाही, म्हणून खरं सांगून टाकते. वाटतं. फार वाटतं.

आमची बिल्डिंग मुलुंड पूर्वेला, तळमजला धरून चार मजली, लिफ्ट नसलेली. निम्मी घरं कोकणातून आलेल्यांची, ज्यांचे वाडवडील गिरणीत होते. निम्मी आमच्यासारख्या ऑफिसवाल्यांची. आता सगळेच म्हातारे झालेत आणि बिल्डिंग त्यांच्यापेक्षाही जास्त. रीडेव्हलपमेंटचं घोडं वर्षानुवर्षं अडून बसलं होतं, ते एकदाचं हाललं. बिल्डर ठरला. त्याच्या वकिलाला प्रत्येक सभासदाचे कागद हवे होते: सोसायटीच्या सभासदत्वाचं शेअर सर्टिफिकेट, घराचं ॲग्रीमेंट, आधार, पॅन आणि नॉमिनीचं नाव. कागद पूर्ण झाले नाहीत तर करार पुढे सरकणार नाही, असं त्याने ठणकावून सांगितलं होतं.

त्यासाठी गच्चीवर मीटिंग झाली. आमचे सेक्रेटरी रिटायर झालेले गृहस्थ, सगळी बिल्डिंग त्यांना काका म्हणते. काका म्हणाले, "हे बघा, सिंपल आहे. प्रत्येकाने आपापले कागद ग्रुपवर टाकायचे. ज्याला जमत नाही त्याने नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे द्यायचे, तो स्कॅन मारून मला पाठवेल."

अशा मीटिंगांना मी जाते, सही करते, वेफर्स खाते आणि घरी येते. पण त्याच आठवड्यात मी त्या झेरॉक्सवाल्याकडे गेले होते आणि त्याच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर आमच्या समोरच्या काकूंचं आधार कार्ड उघडं पडलेलं पाहिलं होतं. शेजारी कुणाकुणाची पॅन कार्डं, कुणाचा लग्नाचा दाखला, कुणाचा रक्ताचा रिपोर्ट. गिऱ्हाईक फोनवरून कागद पाठवतं, हा छापून देतो आणि मागचं पुसायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. त्याचीही चूक म्हणता येत नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नाही. पण काकांचं बोलणं ऐकून माझं डोकं फिरलं.

"ग्रुपवर कुणीही काहीही टाकणार नाही," मी उभी राहून म्हटलं. स्वतःचा आवाज मला अनोळखी वाटला. "मी पेज बनवून देते. त्यातच भरा, त्यातच चढवा. पैसे नकोत."

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. जन्मापासून तिथे राहूनही मी मीटिंगमध्ये कधी बोलले नव्हते. काका म्हणाले, "अरे वा, आपल्याकडे घरचाच एक्स्पर्ट आहे की." ठराव टाळ्यांनी पास झाला, बहुधा माझ्या शेवटच्या दोन शब्दांमुळे.

मग मी पेटले. ऑफिसच्या कामात एवढा जीव मी क्वचितच ओतला असेल. वाटेत कुणी वाचू नये म्हणून फॉर्म आणि फाइल दोन्ही कुलूपबंद होऊन निघतील, हे पहिलं. फाइल स्वतःला फोटो म्हणवते म्हणून तिला फोटो मानायचं नाही. आत डोकावून तिचे पहिले काही बाइट्स, म्हणजे सुरुवातीची अक्षरं, तपासायचे, कारण नाव काय, कुणी काहीही लावतं. प्रत्येक फॉर्मसोबत एक छुपी खूण द्यायची आणि परत येताना ती जुळली तरच आत घ्यायचं, म्हणजे तुमच्या नावाने दुसरंच कुणी परस्पर काही पाठवू शकत नाही. आलेले कागद असे बंद करून ठेवायचे की किल्ली फक्त सेक्रेटरी आणि वकिलाकडे. माझ्याकडेही नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे समोरच्याच्या ब्राउझरवर विश्वास ठेवायचा नाही. फॉर्म बरोबर भरलाय असं त्याचा फोन सांगत असला तरी सर्व्हरवर, म्हणजे आपल्या बाजूच्या मशीनवर, सगळं पुन्हा पहिल्यापासून तपासायचं. वॉचमनने वर सोडलं म्हणून आपण दाराची साखळी काढत नाही, तसंच हे.

ही सवय माझ्या अंगात फार मुरली आहे. आईला कोडिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तिने ते बरोबर हेरलं होतं. "तुला कुणाचं काही पटकन खरंच वाटत नाही," ती म्हणायची. "दारात माणूस आला की आधी त्याला साखळीतून बघतेस." मी तिला म्हणायचे की मुंबईत असंच राहावं लागतं. ती म्हणायची, "मी पण मुंबईतच राहते."

नॉमिनीचा रकाना अनिवार्य करायचं काकांनी सांगितलं. तिसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा नॉमिनी न नेमताच गेले होते आणि त्यांच्या दोन पुतण्यांनी घरावरून सोसायटीला वकिलांच्या नोटिसा पाठवायला सुरुवात केली होती. "नॉमिनीशिवाय एकही फॉर्म आत जाता कामा नये," काका म्हणाले. "लोक काय, कुणाचंही नाव ठोकून देतात. पुढे वाट आमची लागते."

तेव्हा मी स्वतःच्या अकलेने त्यात भर घातली. ज्याचं नाव घालाल त्याच्या मोबाइलवर सहा आकडी ओटीपी जाणार. तो त्याने तुम्हाला सांगायचा आणि तुम्ही भरायचा. म्हणजे माणूस खरा आहे आणि त्याला आपलं नाव दिल्याचं माहीत आहे, दोन्ही पक्कं. काका खूश झाले. "झकास! एकदम बँकेसारखं." त्या रकान्याच्या डोक्यावर मी एक लाल चांदणी लावली. लाल चांदणी म्हणजे भरल्याशिवाय सुटका नाही.

पेज सुरू झालं आणि माझे दिवस बदलले. फाइलच्या आतलं मला दिसत नव्हतं. पण कुठली फाइल आली, कुठली परत गेली आणि का, याची नोंद माझ्याकडे व्हायची, आणि त्या नोंदीत लोकांनी फाइलला दिलेलं नाव असायचं. ऑफिसात अशी नावं म्हणजे नुसते आकडे आणि इंग्रजी अक्षरं. इथे आमच्या बिल्डिंगने फोनवर मराठी कीबोर्ड घेऊन नावं दिली होती. 'ॲग्रीमेंट खरं वालं'. 'बाबांचं पॅन, जुनं आहे चालेल का'. एकाची फाइल फार मोठी होती म्हणून पेजने परत पाठवली, तर पुढच्या खेपेला तीच फाइल 'आता तरी जा की' या नावाने आली. ती पण परत गेली. मग आली 'शेवटचं सांगतोय'. मी खुर्चीत एकटीच हसले, मोठ्याने. आपल्या घरात आपलं हसू ऐकू आलं की जरा दचकायला होतं.

हळूहळू मला त्याची चटक लागली. सकाळी चहा घेऊन मी आधी ती नोंद उघडायचे. पत्र आल्यासारखं वाटायचं, जरी त्यातलं एकही मला लिहिलेलं नव्हतं. भिंतीपलीकडे राहणारी माणसं मला इतक्या वर्षांत जेवढी कळली नव्हती, तेवढी फाइलच्या नावांतून कळायला लागली.

एक दिवस समोरच्या काकू आल्या. मूळच्या मालवणच्या, नवरा गिरणीत होता, आता त्या एकट्या राहतात. मुलगा मालाडला असतो आणि रविवारी येतो. त्यांच्या हातात शेअर सर्टिफिकेट होतं. ते त्यांनी फार पूर्वी लॅमिनेट करून देवघरात ठेवलं होतं. दर दसऱ्याला शस्त्रांबरोबर त्याचीही पूजा व्हायची, त्यामुळे वर हळदकुंकवाचे थर चढले होते. खोलीतला दिवा प्लॅस्टिकवर चमकायचा आणि फोटोत सर्टिफिकेटच्या जागी पांढरा गोळा यायचा. माझं पेज इमानेइतबारे सांगत होतं: 'कागद वाचता येत नाही.'

"गो बाय, तुझा ता मशीन माका चोर समजता," काकू म्हणाल्या. "चार दिवस झाले, घेऊक तयार नाय."

मी ओल्या फडक्याने कुंकू पुसायला गेले, तर त्यांनी हात धरला. "पुसू नको. दसऱ्याचा असा ता." मग आम्ही दोघींनी ते सर्टिफिकेट गॅलरीत नेलं. काकूंनी पदर आडवा धरून ऊन अडवलं आणि मी कुंकू टाळून, तिरकं धरून फोटो काढला. सोसायटीचा शिक्का आणि नंबर स्वच्छ आला. एका कोपऱ्यात काकूंचा अंगठा आला, तो मी राहू दिला. फाइल चढली, हिरवी खूण आली आणि काकूंनी पडद्याला नमस्कार केला.

नॉमिनीला त्यांचा मुलगा. त्याला फोन लावला, त्याने ऑफिसातून ओटीपी सांगितला आणि काकूंनी एकेक आकडा मोठ्याने म्हणत भरला. मग चहा घेताना त्यांनी सहज विचारलं, "तू कोणाचा नाव घातलंस गो?"

"अजून भरला नाही माझा," मी म्हटलं.

काकूंनी कप खाली ठेवला. त्यांच्या त्या न बोलण्याचा मला इतका राग आला की त्या गेल्यावर मी कप जरा आपटूनच घासले.

त्यानंतर बरेच जण कागद घेऊन दारात यायला लागले. कुणाचा फोन जुना, कुणाला जन्मतारखेचा रकाना सापडत नाही. मी साखळी काढून ठेवायला लागले. पण मी पडले कामाची माणूस. कुणी अडलं की ते का अडलं हे शोधायचं आणि दुरुस्त करायचं, ही माझी खोड. प्लॅस्टिकवर उजेड चमकला तर काय करायचं ते मी पेजवर लिहिलं. मोठी फाइल आपोआप लहान होईल अशी सोय केली. तारखेचा रकाना मोठा केला. पेज इतकं सोपं झालं की दारात यायचं कुणाला कारणच उरलं नाही. फाइलची नावंही साधी व्हायला लागली, कारण कुणाला वैतागायची वेळ येईना. मी केलेलं काम चांगलं झालं होतं आणि नेहमीसारखं ते दिसेनासं झालं होतं. फक्त या वेळी मला त्याचं वाईट वाटलं.

पुढच्या आठवड्यात काकांचा फोन आला. "अगं, सगळे हिरवे झाले, पेज एक घर बाकी दाखवतंय, कुठलं ते कळत नाही. सोमवारी वकिलाला द्यायचंय सगळं. एकासाठी पूर्ण बिल्डिंगचं अडणार. कोण आहे हा शहाणा?"

"मी," मी म्हटलं.

काका जरा गडबडले. "तू? अगं तूच बनवलंस ना ते? मग टाक ना कायतरी. तुला काय, आतून ढकलता येत असेल."

आतून ढकलता येतं. एक ओळ बदलायची, लाल चांदणी काढायची, माझा फॉर्म आत घ्यायचा आणि चांदणी परत लावायची. कुणाला पत्ता लागला नसता. पण मी बाकीच्या सगळ्यांना सांगितलं होतं की नाही म्हणजे नाही. आणि दुसरं, जे मी काकांना सांगितलं नाही: माझ्या नावापुढे रिकामी जागा आहे हे मीच माझ्या हाताने कोडमध्ये लिहायचं, ते मला जमेना. "रविवारपर्यंत भरते," मी म्हटलं.

शनिवारी दुपारी फॉर्म उघडला. नाव, घर नंबर, कागद, सगळं पटापट गेलं. लाल चांदणीपाशी आले आणि थांबले. आईच्या घराची नॉमिनी मी होते, म्हणून घर माझ्या नावावर आलं. पुढचं कुणी लिहिलेलंच नव्हतं. ऑफिसात, बँकेत, विम्यात माझ्या नॉमिनीच्या जागी अजून आईच आहे. ते बदलायचं मी पुढे ढकलत आले होते. हात आपोआप तिचं नाव टाइप करून मोकळे झाले. मोबाइलच्या रकान्यात तिचा नंबरही गेला. तो मला पाठच होता, कारण पेज बनवताना चाचणीसाठी मी तोच नंबर वापरत होते. आईचा फोन मी बंद केला नव्हता. चार्ज करत होते, रिचार्ज मारत होते, आणि कामाला लागतो असं स्वतःला सांगत होते.

'ओटीपी पाठवा' दाबलं. आतल्या खोलीत, आईच्या कपाटात, कोंबडा आरवला. मेसेज आल्याचा आवाज म्हणून तिने कोंबड्याची बांग लावली होती आणि ती कशी बदलायची हे तिने मला कधीच विचारलं नव्हतं, कारण तिला ती आवडायची.

मी उठून तिच्या फोनमधले आकडे वाचले आणि येऊन भरले. लगेच हिरवी खूण आली. कुणावर म्हणून विश्वास न ठेवणाऱ्या माझ्या सर्व्हरने आईला खरी मानली. त्याला फक्त नंबर जुळवता येत होता. माणूस आहे की नाही हे त्याला विचारायला मी शिकवलंच नव्हतं. एवढ्या तपासण्या लिहून मी एवढं मोठं भोक ठेवलं होतं, आणि त्या भोकातून मला हवं ते माणूस आत येऊन बसलं होतं. 'सबमिट'चं बटण समोर होतं. दाबलं असतं तर बिल्डिंग सुटली असती, काका खूश झाले असते आणि कागदोपत्री माझं कुणीतरी असतं.

मी बराच वेळ रडले. मग मागे जाऊन नाव पुसलं, नंबर पुसला.

राहता राहिली मावसबहीण. माझ्यापेक्षा थोडी मोठी, बोरिवलीला राहते, बँकेत काउंटरवर असते. मुलुंड नि बोरिवली एकाच मुंबईत आहेत, पण ती वेस्टर्नला आणि आम्ही सेंट्रलला, आणि लोकलची लाइन वेगळी झाली की नाती लग्नामुंजीपुरती उरतात. आईच्या दहाव्याला ती आली होती. "फोन करत जा गं," म्हणाली होती. मी "हो" म्हटलं होतं. मध्ये माझा नंबर बदलला, तोही मी तिला कळवला नाही.

रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला तिला फोन लावला.

"हॅलो, कोण?"

"अगं, मी." मी माझं नाव सांगितलं. "मुलुंडहून."

मग ती म्हणाली, "हां, बोला."

त्या 'बोला'ने मी इतकी गडबडले की तिची विचारपूस करायची सोडून घाईघाईने मुद्द्यावर आले. सोसायटीचं पेज आहे, तुझं नाव द्यायचंय, आज शेवटचा दिवस, तुझ्या फोनवर आत्ता एक नंबर येईल तो मला सांग. बोलता बोलता मी बटणही दाबलं. तिच्याकडे मेसेज वाजल्याचं मला ऐकू आलं.

"हे बघा बाई," ती म्हणाली, आणि आवाज एकदम काउंटरवरचा झाला, "हे धंदे दुसरीकडे करा. मी बँकेत आहे, कळलं? दिवसभर लोकांना हेच सांगत असते, ओटीपी कुणाला देऊ नका. नाव कुठून मिळालं तुम्हाला तिचं?"

"अगं, खरंच मीच आहे. आवाज ओळख ना."

"आवाज आता मशीनपण काढतं. परवाच आमच्याकडे एका बाईला भाच्याच्या आवाजात लुटलं."

मला राग यायला हवा होता. आला नाही. ती अगदी बरोबर वागत होती. तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, आणि एवढंही बोलले नसते, फोन ठेवून मोकळी झाले असते. जगात एका माणसाचं नाव मी लिहायला निघाले होते आणि त्या माणसाला मी खरी वाटत नव्हते. मला हुंदका आवरला नाही.

"रडायचं नाटक पण करतात," ती म्हणाली. पण फोन ठेवला नाही. तिच्या मागे नळ चालू होता, तो तिने बंद केल्याचं कळलं. "थांब. तूच असशील तर सांग. माझ्या लग्नात हॉलच्या मागच्या खोलीत मला कोण सापडलं होतं?"

"मी."

"काय करत होतीस?"

"रडत होते."

"का?"

त्या दिवशी मी तिला एक उत्तर दिलं होतं. खरं कारण वेगळं होतं. दर मे महिन्यात आम्ही दोघी मामाकडे एका गादीवर झोपायचो, पहाटेपर्यंत कुजबुजायचो, आणि माझ्या वयाचं माझं म्हणावं असं तेवढंच एक माणूस होतं. ते सासरी निघालं होतं. पण सुरक्षेच्या प्रश्नाचं उत्तर खरं असावं लागत नाही, पूर्वी दिलेलं असावं लागतं. हे मला धंद्यामुळे ठाऊक होतं.

"होमाचा धूर गेला होता डोळ्यांत," मी म्हटलं.

ती गप्प. मला वाटलं, जुळलं नाही.

"होम स्टेजवर होता," ती हळूच म्हणाली. "तू मागे होतीस, दार लावून. तिथे कसला आलाय धूर?" मग तिनेच नाक ओढलं. "मला तेव्हाच कळलं होतं गं. पण मी नवरी. तुझ्यापाशी बसायला कुणी सोडलं असतं का मला?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तीच म्हणाली, "बोल आता. कशात नाव घालतेयस माझं?"

"सोसायटीत, नॉमिनी म्हणून."

"मग मी काय करायचं त्यात?"

"तुला काहीच करायचं नाही. माझं काही बरंवाईट झालं तर ते तुला कळवतील."

"आणि त्याच्या आधी?" ती म्हणाली. "आधीचं कोण कळवणार मला? सोसायटी?"

तिने उत्तराची वाट पाहिली नाही. चष्मा शोधून तिने मेसेज उघडला आणि काउंटरवरच्या सवयीने एकेक आकडा सुटा करून, दोनदा, सांगितला. मी भरला. पडद्यावर लाल ओळ आली, शब्द माझेच: 'मुदत संपली आहे. कृपया पुन्हा प्रयत्न करा.'

"झालं का?" तिने विचारलं.

"नाही गं. आपण बोलत बसलो त्यात वेळ संपली त्याची. परत पाठवावा लागेल. तुझा स्वयंपाक खोळंबला असेल, तर मी नंतर..."

"पाठव परत," ती म्हणाली. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "मी बसलेय."

बटणावर बोट होतं. ते दाबलं की आकडे येणार, भरले जाणार, काम होणार आणि फोन ठेवायची वेळ येणार. मी बोट बाजूला घेतलं.

"पाठवते," मी म्हटलं. "आधी सांग, तू कशी आहेस?"